रहमत मिस्त्रींच्या दगडाची खालची ओळ

१

डोळे मिटा बरं घटकाभर, आणि असं समजा की तुम्ही अकरा वर्षांच्या आहात आणि तुमचं नाव आरजू आहे. माघातलं कोवळं ऊन आहे. एका हातात खराटा आहे, दुसऱ्या हातात चुन्याचं डबडं. दारव्ह्याकडून येणारी जीप जिथं थांबते, तिथून थोडं पुढे गावाचं कब्रस्तान आहे. शब-ए-बरात दोन दिवसांवर आली की गावातले मुसलमान आपापल्या माणसांच्या कबरी झाडून, चुना लावून ठेवतात. तुम्हीही अब्बांसोबत त्याच कामाला आल्या आहात. पणजोबांच्या कबरीपाशी येऊन पाहता, तर उशाचा दगड बुटका झालेला!

आरजूनं खराटा खाली टाकला.

“अब्बा, दगड कोणं तोडला?”

तिचे अब्बा रिजवान गावात ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करत. तुटलेलं काही दिसलं की आधी त्याला हात लावून पाहायची त्यांची सवय. त्यांनी दगडावरून हात फिरवला, बुडाची माती सारली. वरचा उर्दू मजकूर जागेवरच होता: रहमत मिस्त्री, रमजान १३८५. त्याच्या खालचा, मातीत रुतलेला वीतभर भाग मात्र कोणीतरी उकरून, छन्नीनं तोडून नेला होता आणि उरलेला दगड पुन्हा नीट रोवून ठेवला होता.

“चोर असता तर पूरा दगड नेला असता,” रिजवान म्हणाले. “अर्धा कायले नेला?”

आरजू गुडघे टेकून बसली. तुटलेल्या कडेला, अगदी काठावर, एक सरळ आडवी रेघ कोरलेली दिसत होती. तिच्याखाली काहीच उरलं नव्हतं. आणि कबरीच्या पायथ्याशी मुंग्यांची रांग चालली होती. प्रत्येक मुंगीच्या तोंडात पांढरं काहीतरी होतं. तिनं एक दाणा बोटावर घेतला.

तीळ.

तेवढ्यात जमीर मिस्त्री धावत आला. कब्रस्तानाच्या भिंतीचं बांधकाम त्याच्याकडे होतं. त्यानं दगडाकडे पाहिलंच नाही. त्याच्या हातात एक गुलाबी कागद होता.

“रिजवानभाई, हे पायलं का? दारव्ह्याच्या बाजारात वाटून राह्यले.”

कागदावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: ‘रामधनच्या झडत्या. पुस्तक येत्या रविवारी प्रसिद्ध होणार.’

रिजवाननी कागद घेतला आणि घडी करून खिशात घातला.

२

पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की आपल्याकडे माणसं एकामागून एक यमक जुळवून टोमणे मारतात. त्या झडत्या. रहमत मिस्त्री जिनिंगमध्ये यंत्रं सांभाळायचे आणि मोकळ्या वेळात झडत्या रचायचे. त्यांचा आवाज बारीक होता. म्हणून पोळ्यात त्या म्हणायचा त्यांचा दोस्त, रामधन. रामधनला अक्षर येत नव्हतं, पण त्याची हाक नाल्यापलीकडे ऐकू जायची.

कापूस वाहून वाहून बैल झाला म्हातारा,
रुई गेली रेल्वेनं, सरकी गेली घाण्याले,
बैलाले भेटला फक्त गोंड्याचा तुरा!

शेवटचा महादेवाचा जयकार रामधनचा स्वतःचा. “वरचं माह्यं, खालचं तुह्यं,” असं रहमत त्याला म्हणत. १९६२ साली या झडत्यांची एक बारकी पुस्तिकाही छापली गेली होती, रहमत मिस्त्रींच्या नावानं.

आता तेच सगळं रामधनच्या नावावर येणार होतं. हजार प्रती एकदा बाजारात गेल्या की पणजोबांचं नाव कोण शोधत बसणार?

दुपारच्या जीपनं दोघं दारव्ह्याला गेले. बाबुलाल यांचा छापखाना लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापायचा. ते मुळीच गडबडले नाहीत. उलट त्यांनी चहा सांगितला.

“रिजवान, मी गेल्या साली तुले इजाजत मागितली का नाही? तू म्हणला, आजोबाचं नाव टाकशील तरच. रामधनचे बबनराव म्हणत, माह्या बापाचंच टाका. म्हणून मी थांबलो. आता थांबायचं काही काम नाही. लेखक गेल्यावर साठ वर्षं कॉपीराइट. मिस्त्री गेले पासष्टात. साठ वर्षं सरली ३१ डिसेंबरले. आता झडत्या साऱ्या गावाच्या.”

“पासष्टात गेले हे कोणं सांगतलं?”

बाबुलालनी मोबाइल पुढे केला. डिसेंबरात काढलेला दगडाचा फोटो होता. दगड साबूत होता, खालचा भाग मातीत होता. “हे पाय, रमजान १३८५. आणि हा हिजरी सालाचा तक्ता पाय, १३८५ म्हणजे १९६५. बबनरावांच्या समोरच मी बोटं मोजली. म्हणलं, मिस्त्री पासष्टात गेले हे बरं झालं. सहासष्टात जाते तर आणखी एक साल वाट पाहावी लागती.”

रिजवाननी फोटो जवळ घेऊन पाहिला. घरात पणजोबांची बरसी रमजानच्या पहिल्या शुक्रवारी व्हायची. नेमका दिवस कोणाला ठाऊकच नव्हता. ग्रामपंचायतीची त्या काळातली वही वाळवीनं कधीच संपवली होती.

“अब्बा,” बाहेर आल्यावर आरजू हळूच म्हणाली, “दगड तर याले पाहिजे होता. याच्याजवळ सबूत तोच आहे. मग त्यानं काहून तोडला अशीन?”

रिजवाननी मुलीकडे पाहिलं आणि पाय छापखान्यावरून वाचनालयाकडे वळवले.

३

विमलताई वाचनालयात पस्तीस वर्षं ग्रंथपाल होत्या. निवृत्त झाल्या तरी रोज येऊन बसायच्या. त्यांनी आरजूचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. मग देवाणघेवाणीचं रजिस्टर ओढलं.

“नोव्हेंबरात बाबुलालनं कॉपीराइट कायद्याचं पुस्तक नेलं होतं. हे बघ.” त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. “कोणत्या सालचं आहे, वाच.”

“एकोणीसशे शहाण्णव.”

“हं. हे लक्षात ठेव.” त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. “आता ऐक. कायदा म्हणजे एकदा बांधून ठेवलेलं घर नाही. लोकांची गरज बदलते तसं संसद त्यात खोल्या काढते, खिडक्या पाडते. त्याला म्हणायचं दुरुस्ती. स्वतंत्र भारतानं आपला कॉपीराइट कायदा केला १९५७ साली. त्यात काय होतं? लेखक जिवंत असेपर्यंत आणि त्याच्यामागे पन्नास वर्षं लिखाण त्याच्या घरच्यांच्या ताब्यात. त्या हिशेबानं तुझ्या पणजोबांचा हक्क कधी संपला असता?”

आरजूनं बोटं मोजली. “पासष्ट आणि पन्नास... दोन हजार पंधरा. माह्या जन्माच्या वेळी.”

“बरोबर. पण १९९१ संपताना सरकारनं घाईनं वटहुकूम काढला आणि १९९२ला दुरुस्ती झाली. पन्नासाचे साठ झाले. म्हणून दहा वर्षं वाढून मिळाली. आता गंमत मोजण्यात आहे. माणूस ज्या साली जातो, त्याच्या पुढच्या एक जानेवारीपासून मोजायचं. डिसेंबर पासष्टात गेले तर हक्क संपला गेल्या डिसेंबरात. जानेवारी सहासष्टात गेले तर तो आहे या डिसेंबरच्या एकतीस तारखेपर्यंत.”

“म्हणजे आठ-पंधरा दिवसांचा फरक, आणि साल पूरं इकडचं तिकडं!” रिजवान म्हणाले.

“पण तक्त्यात तर १३८५ म्हणजे १९६५च आहे,” आरजू म्हणाली.

विमलताईंनी एक जुनं पंचांग काढलं, चष्मा पुसला आणि बराच वेळ पानं उलटली. मग पुस्तक तिच्याकडे फिरवलं.

“तक्ता साल सुरू कधी झालं ते सांगतो. रमजान त्या सालातला नववा महिना. १३८५चा रमजान लागला तो डिसेंबर पासष्टच्या शेवटच्या आठवड्यात. ईद झाली २३ जानेवारी सहासष्टला. तुझे पणजोबा त्या महिनाभरात कधी गेले, एवढंच आपल्याला हवंय.”

आरजूला एकदम ती आडवी रेघ आठवली. तिनं वहीच्या पानावर ती काढून दाखवली. “दगडाच्या तुटक्या काठावर अशी होती. वर सारं उर्दू, आणि ही रेघ एकटीच.”

विमलताई खुर्चीत ताठ बसल्या.

“आरजू, शाळेत मराठी लिहिताना शब्द झाला की शेवटी काय करतेस?”

“वरून रेघ मारते.”

बोलता बोलताच तिचे डोळे मोठे झाले. उर्दूला वरून रेघ नसते. दगडाखाली, मातीत, मराठीतही एक ओळ होती!

४

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलताई जीपमधून गावात उतरल्या. आधी त्यांनी जमीरला गाठलं. तो विटांच्या ढिगाआड उभा होता आणि समोर यायचं टाळत होता.

“काय रे, माझ्यापासून लपतोस? तुझं वाचनालयाचं पुस्तक थकलेलं नाही ना?”

जमीर कसनुसा हसला. “ताई, सारे माह्यावरच नजर ठेवून राह्यले. छन्नी माह्यी, म्हणून दगड मीच तोडला म्हणतात. शुक्रवारी नमाजानंतर मी सोता पायला, साबूत होता. शनिवारी मी घाटंजीले साल्याच्या साखरपुड्याले गेलतो. हत्यारं टिनाच्या खोलीत. तिले कुलूप नाही, नुसती कडी आहे.”

“परत आलास तेव्हा?”

“छन्नी जागच्या जागी. पण पुसून ठेवलेली. मी जिंदगीत छन्नी पुसून ठेवली नाई, ताई!”

आरजूला हसू आलं. विमलताईंना नाही आलं.

“दगडाच्या खाली मराठी लिहिलेलं होतं, माहीत होतं तुला?”

“मराठी? कब्रस्तानात?” जमीरनं डोकं खाजवलं. “मले उर्दू येते थोडी. खालचं कोणं उकरून पायलं?”

चालता चालता विमलताई आरजूला म्हणाल्या, “आता तू सांग. दगड तोडणाऱ्याबद्दल आपल्याला काय काय कळलं?”

आरजू थांबत थांबत बोलली. “त्याले माहीत होतं की खाली ओळ आहे. अब्बाले नव्हतं माहीत. बाबुलालचाचाले नाही, जमीरचाचाले बी नाही. त्यानं दगड परत नीट बसवला. छन्नी पुसून ठेवली. आणि... तीळ. कबरीपाशी कोणीतरी तिळाचं काहीतरी ठेवलं होतं. ते मुंग्यांनी नेलं.”

“चोर मागे खाऊ ठेवून जातो का?”

“नाही.”

“मग कोण ठेवतो?”

समोर बबनरावांचं आवार आलं होतं.

५

बबनराव रामधनचे धाकटे चिरंजीव. वय ऐंशी. छातीत डॉक्टरांनी यंत्र बसवलेलं. ओट्यावर बसून ते तुरीच्या शेंगा सोलत होते. आरजूला पाहून त्यांनी ओंजळभर दाणे तिच्या हातात टाकले.

“ये वं पोरी. मिस्त्रीच्या घरची लेक, अन् इतकी वाळलेली?”

“आबाजी, तुम्ही माह्या परदादाले पायलं होतं?”

म्हाताऱ्याचा हात थांबला. चेहरा एकदम मोकळा झाला.

“पायलं? अवं, त्याच्या खांद्यावर बसून मी पोळा पायला. सायकलीच्या घंटीचा आवाज तोंडानं काढे रहमतचाचा. आमच्याच घरी जेवे. रमजानात मात्र पाण्याचा थेंब नाई. एक डाव संक्रांत अन् रोजे संगंच आले. माह्या मायनं त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्यानं नाई म्हणलं नाई, खाल्लाही नाई. रुमालात बांधला. दिवस बुडाला अन् पहिला घास तोच तोंडात टाकला. म्हणे, वहिनी, आज रोजा गोड झाला.” त्यांनी नाक ओढलं. “त्याच्या चौथ्या दिवशी गेला. न्युमोनिया. बापानं महिनाभर धड जेवण केलं नाई. दगडही आमच्याच बैलगाडीवर आणला दारव्ह्यावरून.”

आरजूच्या मुठीतले तुरीचे दाणे ओट्यावर सांडले. तिनं विमलताईंकडे पाहिलं. विमलताई खालीच पाहत होत्या, जसं काही त्यांना हे ऐकायचं नव्हतं.

“बबनराव,” त्या म्हणाल्या, “संक्रांत चौदा जानेवारीला. चौथा दिवस अठरा. म्हणजे मिस्त्री गेले सहासष्टात.”

एक शेंग बबनरावांच्या बोटांत तशीच राहिली.

६

“ताई, मी काय बोललो?”

“खरं बोललात. दगड तोडता आला तुम्हाला, पण मिस्त्रींची गोष्ट खोटी सांगता आली नाही.” विमलताईंचा आवाज वाचनालयातल्यासारखाच सावकाश होता. “वरची उर्दू ओळ मिस्त्रींच्या घरच्यांनी कोरवून घेतली. खालची मराठी ओळ कोण कोरवणार? ज्यानं दगड आणला तो. रामधनजींना लिहिता येत नव्हतं. तुम्ही तेव्हा वीस वर्षांचे, शिकलेले. दगडावर खडूनं अक्षरं तुम्हीच काढून दिली असतील. साठ वर्षांत माती वर चढली. ती ओळ माहीत असलेला माणूस तुम्ही एकटे उरलात. बाबुलालनं तुमच्यासमोर बोटं मोजली, सहासष्ट म्हणजे आणखी एक वर्ष. आणि तोडल्यावर तुम्हीच तिथं तिळगूळ ठेवला.”

बबनराव उठले. वाटलं, आता ओरडतील. पण ते आत गेले आणि जुन्या दुपट्ट्यात बांधलेलं काहीतरी दोन्ही हातांनी पोटाशी धरून आले. रिजवान फाटकाशी येऊन उभे होते. त्यांना पाहून म्हाताऱ्यानं गाठोडं ओट्यावर ठेवलं.

“माहा बाप अंगठेवाला. त्याचं नाव मी कोण्या छापील कागदावर पायलं नाई. सारा गाव म्हणे, रामधनच्या झडत्या. म्हणलं, मराच्या आधी एक डाव छापलेलं पाहू. एक साल थांबाले सांगता, ताई, माह्या छातीतलं यंत्र थांबते का?”

“काका, आमचं नाव पुसून?” रिजवान एवढंच बोलले.

आरजूनं दुपट्टा सोडला. दगडाच्या तुकड्यावर, वरची रेघ तुटलेल्या अक्षरांत, दोन ओळी होत्या. ती एकेक शब्द लावून वाचू लागली.

“मृत्यू १८ जानेवारी १९६६. दगड बसवणारा... दोस्त... रामधन.”

ती थांबली. मग बबनरावांकडे वळली.

“आबाजी, तुमच्या बाबाचं नाव तर इथं होतं.”

म्हाताऱ्यानं चेहऱ्यावर दुपट्टा घेतला. “ठाऊक आहे वं. मीच लिहिलं होतं. तारीख तोडाले गेलो, अन् बापाचंच नाव तोडून आणलं.”

गोठ्यात बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. मग रिजवान ओट्यावर चढले आणि म्हाताऱ्याच्या शेजारी बसले. खांद्याला खांदा लागला तरी सरकले नाहीत.

“आणि हे सगळं फुकटच गेलं असतं, बबनराव,” विमलताई म्हणाल्या. “बाबुलालनं वाचलेलं पुस्तक शहाण्णवचं. त्यात लिहिलंय ते तेव्हा खरं होतं: रचना माझी आहे असं म्हणायचा हक्क फक्त लेखकाचा, तो गेल्यावर घरच्यांना तो बजावता येत नव्हता. २०१२ साली संसदेनं तेवढे चार शब्द गाळले. आता वारसही लेखकाचं नाव मागू शकतात, साठ वर्षं सरली असोत की नसोत. पासष्ट असो, सहासष्ट असो, रिजवान नाव मागायला उभा राहिलाच असता.”

“मग माह्या बापाचं काय? त्याले कायद्यात जागाच नाई?”

“सत्तावन्नच्या कायद्यात नव्हती. रचणारा दिसत होता, म्हणणारा दिसत नव्हता. १९९४च्या दुरुस्तीनं गाणाऱ्याला, म्हणणाऱ्याला स्वतःचा हक्क दिला. २०१२ला त्याचं नाव घेणंही आलं. रामधनजी त्याआधीच गेले, त्यांना तो लागू नाही, मी खोटं कशाला सांगू? पण कायद्याला जे उशिरा सुचलं, ते आपल्याला आजच करायला कोणी अडवलंय?”

आरजूनं अब्बांच्या खिशातून तो गुलाबी कागद ओढला. विमलताईंच्या पर्समधलं पेन घेतलं. बबनरावांना वाटलं, पोरगी आता आपल्या बापाचं नाव खोडणार. त्यांनी मान फिरवली.

आरजूनं ‘रामधनच्या’ हा शब्द खोडला खरा. पण त्याच्या खाली सावकाश लिहिलं: ‘रचना: रहमत मिस्त्री. आवाज: रामधन.’ आणि कागद अब्बांपुढे धरला.

रिजवाननी तो दोनदा वाचला. “चालते,” ते म्हणाले. “असंच छापा म्हणा बाबुलालले. घरच्या बाकीच्यांची इजाजत मी आणतो. दगड जमीर जोडीन. अन् काका, छन्नी पुसायची कामं आता सोडा.”

बबनराव रडता रडता हसले.

आता तुम्ही विचाराल, आरजूनं पुढे काय केलं?

शनिवारी शाळा सुटल्यावर ती जीपनं दारव्ह्याला गेली, वाचनालयात शिरली आणि शहाण्णव सालचं ते जाड पुस्तक मागून घेतलं. पुस्तकावर लिहिलेलं विमलताईंना चालत नाही, म्हणून तिनं वहीचा कागद चौकोनी फाडला आणि त्यावर लिहिलं: ‘हे पुस्तक जुनं आहे. यानंतर कायद्यात काय बदललं, ते आधी विचारा. मग काय तोडायचं ते ठरवा.’

चिठ्ठी तिनं पहिल्या पानाला खळीनं चिकटवली, वरून तळहात दाबला. पुस्तक मिटता मिटता काहीतरी आठवून पुन्हा उघडलं, आणि चिठ्ठीच्या तळाशी स्वतःचं नाव घातलं.